नक्षीदार लाकूड, ऐन वृक्ष आणि आंधळगावचा कोसा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लाकडाच्या इतिहासाचे लेखन बहुधा दोन अंगांनी झालेले आढळते. वनप्रशासनाचा इतिहास किती झाडे तोडली, किती घनफूट माल निघाला आणि किती महसूल जमा झाला याचा हिशेब मांडतो. कलेचा इतिहास सुताराने लाकडावर कोरलेल्या वेलबुट्टीचे वर्णन करतो. परंतु लाकडाच्या अंगीच निसर्गतः जी नक्षी असते, ती कोणाला गुण वाटली आणि कोणाला दोष, हा प्रश्न या दोन्ही अंगांच्या मधून निसटून जातो. युरोप व अमेरिकेत मेपल वृक्षाच्या नक्षीदार लाकडाबाबत हा प्रश्न पुष्कळ चर्चिला गेला आहे. आपल्याकडील वृक्षांबाबत तो क्वचितच विचारला गेला.

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे गाव कोशाच्या कापडाच्या हातमाग विणकामासाठी परिचित आहे. ज्या कीटकाच्या कोशापासून हे सूत निघते तो कीटक प्रामुख्याने ऐन आणि अर्जुन या वृक्षांच्या पानांवर वाढतो. त्याच ऐनाच्या खोडातून काळपट पट्ट्यांचे व लहरी रेषांचे लाकूड निघते आणि विसाव्या शतकात पाश्चात्त्य बाजारात ते ‘इंडियन लॉरेल’ या नावाने शोभेचे लाकूड म्हणून विकले गेले. वृक्ष एकच, पण पानाचा इतिहास निराळा आणि खोडाचा निराळा. हे दोन इतिहास एकत्र वाचणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम मेपलच्या निमित्ताने नक्षीदार लाकडाचे स्वरूप पाहून नंतर ऐनाकडे वळावयाचे आहे.

नक्षीदार लाकूड : स्वरूप व कारणे

झाडाच्या खोडातील तंतू सामान्यतः खोडाच्या अक्षाला समांतर उभे असतात. अशा खोडातून कापलेल्या फळीवर सरळ रेषा दिसतात. काही झाडांत मात्र हे तंतू उभे वाढताना लाटेसारखे वळत जातात. फळी रंधून गुळगुळीत केली असता लाटेचा एक उतार प्रकाश परावर्तित करतो आणि दुसरा तो शोषून घेतो. त्यामुळे फळीवर आडवे उजळ व गडद पट्टे दिसतात. फळी हलविली की पट्टे जागा बदलल्यासारखे भासतात. हे पट्टे रंगाचे नसून प्रकाशाचे असतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

व्हायोलिनच्या पाठीसाठी असे लहरी मेपल वापरण्याची परंपरा जुनी आहे. इटलीतील क्रेमोना येथील अंतोनिओ स्त्रादिवारी (मृत्यू १७३७) व त्याच्या समकालीन कारागिरांनी पाठीसाठी मेपल आणि पुढील भागासाठी स्प्रूस हे लाकूड वापरले. अठराव्या शतकात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या बंदूक कारागिरांनी लांब नळीच्या बंदुकांचे दस्ते अशाच पट्टेदार मेपलचे केले. मेपलमधील नक्षीचे आणखीही प्रकार आहेत. उत्तर अमेरिकेतील साखर मेपलमध्ये पक्ष्याच्या डोळ्यासारखे बारीक ठिपके आढळतात. त्यांचे निश्चित कारण शास्त्रज्ञांना अद्याप सांगता आलेले नाही. पॅसिफिक किनाऱ्यावरील मोठ्या पानांच्या मेपलमध्ये गोधडीच्या फुगवट्यांसारखी नक्षी दिसते. बुरशीने लाकूड कुजू लागताना उमटणाऱ्या काळ्या रेषांनाही बाजारात मागणी आहे. म्हणजे वाढीतील विकृती आणि रोग यांनाही सौंदर्याचे मूल्य लाभले आहे.

हे मूल्य कारागिराला मात्र सहज मिळत नाही. तंतूंची दिशा वारंवार बदलत असल्याने रंधा एका उतारावर नीट चालतो आणि दुसऱ्या उतारावर तंतू उपटून काढतो. त्यामुळे पाते अत्यंत धारदार व उभ्या कोनात बसविलेले असावे लागते आणि अखेरचा हात पोलादी पत्रीने खरवडून फिरवावा लागतो. कापण्याची दिशाही महत्त्वाची असते. लहरी तंतूंचे आडवे पट्टे खोडाच्या मध्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने कापलेल्या फळीवर उत्तम दिसतात. गोधडीसारखी नक्षी मात्र वार्षिक वलयांना स्पर्शिकेच्या दिशेने कापल्यावरच उठून येते. याखेरीज लहरी तंतूंमुळे लाकडाची ताकद कमी होते. जेथे भार किंवा धक्का सहन करावयाचा असतो तेथे सरळ रेषेचेच लाकूड निवडले जाते. पाश्चात्त्य कापड गिरण्यांत बॉबिनसाठी मेपल वापरले गेले ते नक्षीसाठी नव्हे, तर त्याच्या घट्ट, बारीक पोतासाठी. कारण सुताला खरबरीत तंतू लागला की सूत तुटते. अर्थात एकाच जातीच्या झाडातील नक्षी ही वाद्यकाराच्या दृष्टीने संपत्ती आणि गिरणीच्या दृष्टीने अडचण होती.

भारतातील मेपल आणि मध्य भारताची वने

मेपलच्या काही जाती हिमालयात आढळतात. जोसेफ हूकर याने १८४८ ते १८५० या काळात सिक्कीम व नेपाळमध्ये प्रवास केला. १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्याने एका परोपजीवी वनस्पतीमुळे मेपलसारख्या झाडांच्या मुळांवर धरणाऱ्या गाठींची नोंद केली आहे. या गाठींपासून तिबेटी लोकांचे लाकडी प्याले तयार होत. भारतीय उपखंडात नक्षीदार मेपलच्या वापराचे हे एक ठळक उदाहरण होय.

वैनगंगेच्या खोऱ्यात मेपल नाही. भंडारा जिल्ह्याची वने उष्ण प्रदेशातील पानझडीची आहेत. त्यांत साग, ऐन, बीजा, धावडा, तिवस, मोह, तेंदू असे वृक्ष एकत्र वाढतात. यांपैकी लाकडाच्या नैसर्गिक नक्षीच्या दृष्टीने मेपलशी तुलना करण्याजोगा आणि तरीही स्थानिक जीवनाशी सर्वाधिक गुंतलेला वृक्ष म्हणजे ऐन होय.

ऐन : वृक्ष आणि लाकूड

ऐन हा हिरडा, बेहडा व अर्जुन यांच्या कुळातील, टर्मिनेलिया प्रजातीचा वृक्ष आहे. त्याची साल काळपट, जाड आणि चौकोनी तुकड्यांत भेगाळलेली असते. ती मगरीच्या पाठीसारखी दिसते. सालीत टॅनिन असल्याने ती कातडी कमावण्यासाठी उपयोगी पडते आणि तिच्या राखेत चुन्याचा अंश मोठा असतो. उन्हाळ्यात काही ऐनांच्या खोडात पाणी साठते व सालीला छेद दिल्यावर ते बाहेर येते, ही गोष्ट जंगलात वावरणाऱ्यांना जुन्या काळापासून ठाऊक आहे.

ऐनाचे रसकाष्ठ फिकट असून त्याला कीड लवकर लागते. मध्यकाष्ठ मात्र तपकिरी ते गर्द काळपट असते व त्यात गडद रंगाचे पट्टे असतात. येथे मेपलशी असलेला भेद स्पष्ट केला पाहिजे. मेपलचे लाकूड फिकट व एकरंगी असते. त्यातील नक्षी तंतूंच्या वळणातून आणि प्रकाशातून निर्माण होते. ऐनातील नक्षीचा पाया रंगद्रव्यांच्या पट्ट्यांचा आहे. काही खोडांत त्यावर लहरी तंतूंची भर पडते आणि मग काळ्या-तपकिरी पट्ट्यांना आडवे छेदणारी चमक दिसते. शोभेच्या लाकडाच्या बाजारात अशाच खोडांना अधिक भाव मिळाला.

हवेत वाळलेल्या सागाचे वजन घनमीटरला साधारणतः ६५० ते ७०० किलोग्रॅम भरते. ऐनाचे सामान्यतः ८०० किलोग्रॅमच्या पुढे जाते. ऐन कापण्यास व रंधण्यास सागाहून कठीण आहे. त्याचा मोठा दोष वाळवणीतील आहे. ओंडका उन्हात पडून राहिल्यास पृष्ठभागावर भेगा पडतात व टोके फाटतात. म्हणून तो ओला असतानाच चिरणे आणि फळ्या सावलीत, वारा बेताने लागेल अशा रीतीने रचून सावकाश वाळविणे आवश्यक ठरते.

ग्रामीण सुतारकामातील निवड

झाडीपट्टीतील गावगाड्यात सुताराकडे येणारे काम मुख्यतः शेतीचे होते. बंडी, नांगर, वखर, उखळ, मुसळ, घराचे खांब, आडी आणि चौकटी या वस्तूंसाठी प्रत्येक जातीच्या लाकडाचे गुण पारखून निवड केली जाई. बंडीच्या आसासाठी व हत्यारांच्या दांड्यांसाठी चिवट धावडा चाले; इंग्रजी व्यापारात तर धावड्याला ‘अ‍ॅक्सलवुड’ म्हणजे आसाचे लाकूड असेच नाव पडले. चाकासाठी तिवस नावाजलेला होता. ऐनाचा उपयोग खांब, तुळया, बंडीचे भाग आणि धान सडण्याची मुसळे यांसाठी होत असे.

या सर्व वस्तूंचे आयुष्य सरळ रेषेवर अवलंबून आहे. वळणदार तंतूंचा खांब भाराखाली फाटतो आणि मुसळ घावागणिक चिरत जाते. विणकराच्या मागालाही हेच लागू पडते. धोटा सुतांमधून दिवसभर सरकत असतो. त्याच्या अंगावर एक तंतू उभा राहिला तरी ताण्याचे सूत तुटते. कापड गुंडाळण्याचा दांडा वाकडा झाला तर पोत एका बाजूला ढिला पडतो. तेव्हा नक्षीदार ऐन या परिसरात दुर्लक्षित राहिला असेल तर त्याचे कारण सौंदर्यदृष्टीचा अभाव हे नव्हे. त्या अर्थव्यवस्थेत लाकडाची परीक्षा डोळ्यांनी होण्यापूर्वी भाराने व घावाने होत होती.

वनखाते आणि ‘इंडियन लॉरेल’

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १८६४ मध्ये डीट्रिच ब्रँडिस हे भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी राखीव व संरक्षित वनांची व्यवस्था उभी राहिली. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगढ लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून गेला आणि १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे तो आला. लोहमार्गाला स्लीपर हवे होते आणि लोहमार्गामुळे लाकूड दूर नेणेही शक्य झाले. या मागणीने वृक्षांची नवी प्रतवारी ठरविली. साग अग्रस्थानी आला. ऐनासारखी झाडे टिकाऊपणात कमी म्हणून दुय्यम ठरली. १९०६ मध्ये डेहराडून येथे वन संशोधन संस्था स्थापन झाल्यानंतर अशा दुय्यम लाकडांवर रासायनिक प्रक्रिया करून त्यांचे स्लीपर करण्याचे प्रयोग झाले व त्यांत ऐनाचाही समावेश होता.

जे. एस. गँबल यांचा भारतीय लाकडांविषयीचा ग्रंथ १८८१ मध्ये व त्याची सुधारित आवृत्ती १९०२ मध्ये प्रसिद्ध झाली. आर. एस. पिअर्सन व एच. पी. ब्राऊन यांचा व्यापारी लाकडांवरील ग्रंथ १९३२ मध्ये आला. या दोन ग्रंथांच्या दरम्यानच्या काळात ऐनाकडे पाहण्याच्या दृष्टीत बदल घडला. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये साम्राज्यातील लाकूड वापरण्याचा प्रचार सुरू झाला. १९२४ च्या वेंबली येथील साम्राज्य प्रदर्शनात भारतीय लाकडे मांडली गेली. १९३० मध्ये लंडनमध्ये उघडलेल्या इंडिया हाऊसच्या अंतर्भागातही भारतीय लाकडांचा वापर झाला. याच काळात ऐन ‘इंडियन लॉरेल’ या नावाने भिंतीवरील तावदाने, उंची फर्निचर आणि पातळ पापुद्र्यांचे व्हेनिअर यांसाठी पुढे आला.

हे नाव विचार करण्यासारखे आहे. युरोपीय लॉरेलशी ऐनाचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही. बाजाराला परिचित व प्रतिष्ठित असे नाव हवे होते, म्हणून ते दिले गेले. या नावाबरोबर वृक्षाचा स्थानिक संदर्भ मागे राहिला. लंडनमधील ग्राहकाला पट्टेदार तावदान दिसले; त्या झाडाच्या पानावर कोसा होतो हे त्याला कळण्याचे कारण नव्हते. गावात दोष असलेली नक्षी व्हेनिअरच्या तंत्राने गुण बनली, कारण पापुद्र्याला भार सोसावयाचा नसतो. तो भक्कम पाटीवर चिकटविलेला असतो. म्हणजे नक्षीचे मूल्य केवळ अभिरुचीने ठरले नाही. वापराच्या तंत्राने आणि बाजारानेही ते ठरविले.

पानाचा इतिहास : कोसा आणि आंधळगाव

टसर रेशमाचा कीटक तुतीच्या रेशीमकिड्याप्रमाणे घरात वाढविला जात नाही. तो उघड्यावर, झाडावरच वाढतो. पक्षी, मुंग्या व इतर शत्रूंपासून त्याची राखण करावी लागते आणि एका झाडाची पाने संपली की अळ्या दुसऱ्या झाडावर न्याव्या लागतात. पूर्व विदर्भात हे काम परंपरेने ढिवर समाज करीत आला आहे. टसर कीटकाच्या प्रादेशिक वाणांपैकी एक ‘भंडारा’ या नावाने ओळखला जातो, यावरून या प्रदेशाचे महत्त्व लक्षात येते. कोश उकळून त्यांचे सूत काढण्याच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा राहिला आहे आणि विणकाम प्रामुख्याने कोष्टी समाजाकडे आहे. आंधळगावच्या मागापर्यंत पोहोचणाऱ्या सुतामागे श्रमाची अशी दीर्घ साखळी आहे.

विदर्भातील टसरच्या साडीची ओळख म्हणजे करवती काठ. तीन धोटे वापरून अंगाचे व काठांचे सूत एकमेकांत गुंतविले जाते आणि जोडावर करवतीच्या दातांसारखी नक्षी उमटते. विदर्भाच्या या करवत काठी साड्यांना व वस्त्रांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे.

इतिहासाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा झाडाच्या आकाराचा आहे. कोशासाठी झाड वारंवार छाटले जाते. फांद्या आवाक्यात आणि पाने कोवळी राहावी लागतात. इमारती लाकडासाठी मात्र खोड उंच, सरळ व अनेक दशके न छाटलेले हवे. एकाच झाडाकडून दोन्ही अपेक्षा पूर्ण होणे कठीण असते. इंग्लंडमध्ये छाटलेल्या ओकच्या गाठाळ लाकडालाही ‘पोलार्ड ओक’ म्हणून शोभेच्या लाकडाचा मान मिळाला. आपल्याकडे छाटलेला ऐन वनखात्याच्या हिशेबात बहुधा बिघडलेले झाड ठरतो. पानाच्या दृष्टीने जे झाड जोपासलेले, तेच खोडाच्या दृष्टीने वाया गेलेले, अशी ही विसंगती आहे.

कायद्यातील खोड आणि पान

१९२७ च्या भारतीय वन कायद्याने वनातून मिळणाऱ्या रेशमाचा व कोशांचा ‘वनोपज’ या संज्ञेत स्पष्ट समावेश केला. त्यामुळे झाडाच्या लाकडाप्रमाणेच त्यावरील कोसाही शासनाच्या नियंत्रणाखाली आला. स्वातंत्र्यानंतरही हाच कायदा लागू राहिला. १९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले आणि मिश्र वनांच्या जागी साग लागवडीला चालना मिळाली. मिश्र वन साफ होते तेव्हा त्यातील ऐनही जातो. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य झाले. २०१३ मध्ये कोका अभयारण्य आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाले. वन्यजीवांच्या दृष्टीने ही पावले इष्टच होती. मात्र झाडावर बसून महिनोनमहिने राखण करणाऱ्या व्यवसायासाठी वनाची उपलब्धता त्यामुळे आक्रसली.

२००६ च्या वन हक्क कायद्याने या इतिहासात महत्त्वाचे वळण आणले. गौण वनोपजाच्या व्याख्येत त्याने टसर व कोश यांचा नामनिर्देश केला आणि परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या अशा वनोपजावर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. इमारती लाकूड या व्याख्येबाहेर राहिले. ज्या कोशाला १९२७ च्या कायद्याने शासनाकडे नेले, तो ७९ वर्षांनी कायद्याच्या शब्दांत तरी राखणदाराकडे परत आला. खोड मात्र शासनाकडेच राहिले. एका वृक्षाचे हे कायदेशीर विभाजन होय.

तथापि हा हक्क मिळविण्यासाठी पुरावा लागतो. महाराष्ट्रात ढिवर समाजाचा समावेश भटक्या जमातींत होतो. अनुसूचित जमातींत नसलेल्या पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. या कायद्याखालील नियमांनी गॅझेटियर, जनगणना, जमाबंदी अहवाल व वनखात्याच्या कार्य आयोजना यांना पुरावा म्हणून मान्यता दिली आहे. येथे नोंदींतील असमतोल बोचतो. लाकडाचा प्रत्येक घनफूट वनखात्याच्या वहीत उतरला. कोशासाठी कोणत्या कुटुंबाने कोणत्या ऐनावर किती हंगाम राखण केली याची नोंद ठेवण्याची गरज वहीला कधी वाटली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की लाकडातील नैसर्गिक नक्षी हा वस्तुनिष्ठ गुण असला तरी तिचे मूल्य ऐतिहासिक असते. मेपलच्या लहरी तंतूंना व्हायोलिनने मोल दिले आणि ऐनाच्या पट्ट्यांना व्हेनिअरच्या बाजाराने. मुसळ आणि धोटा करणाऱ्या सुताराने त्याच गुणाला योग्य कारणांनी नकार दिला. दुसरा असा की ऐनाच्या खोडाचे ज्ञान ग्रंथबद्ध झाले आणि पानाचे ज्ञान कामातच राहिले. तिसरा निष्कर्ष आजच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. नोंदींतील हा भेद आता केवळ अभ्यासकाच्या कुतूहलाचा विषय उरलेला नाही. त्यावर माणसांचे हक्क अवलंबून आहेत.

जुनी गॅझेटियरे, जमाबंदी अहवाल आणि वनांच्या कार्य आयोजना आजवर महाविद्यालयीन संशोधनात बहुधा राजकीय व आर्थिक घडामोडींसाठी चाळल्या गेल्या. त्यांतील कोशाच्या हंगामाचे, राखणीच्या परवान्यांचे व ढिवर वस्त्यांचे विखुरलेले उल्लेख गावनिहाय एकत्र करणे हे इतिहास विभागांना सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे. आंधळगावचा करवती काठ नोंदणीने सुरक्षित झाला आहे. त्या काठामागील ऐनाच्या झाडाची आणि त्याखाली हंगामभर बसणाऱ्या माणसाची नोंद अद्याप व्हावयाची आहे.